कृपा मोफत, फायनल मात्र घामाची!

नगरच्या उपासनेपासून हॉकीच्या बादफेरीपर्यंत: चार क्वार्टर आणि एक शूटआउट

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की साखर कारखाने, शिर्डी, शनिशिंगणापूर आणि नगरचा भुईकोट किल्ला ही नावं पटापट ओठांवर येतात. मराठी ख्रिस्ती समाजाची जवळजवळ दोनशे वर्षांची कहाणीही याच जिल्ह्याच्या मातीत रुजली आहे. तिच्यात शाळा आहेत, कवी आहेत, कीर्तनं आहेत, हातमाग आहेत. आणि जगभरच्या ख्रिस्ती शाळांनी आणि संस्थांनी प्रार्थनेच्या जोडीला जे दुसरं वेड जपलं, ते म्हणजे खेळ. भारतात या वेडाला सर्वांत मोठं यश मिळालं ते हॉकीत.

रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब सांगतात, देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती दान म्हणून मिळते. सोमवारी मैदानावर प्रशिक्षक सांगतात, उपांत्य फेरीतली जागा कुणी दान देत नाही, ती कमवावीच लागते. हे दोन्ही धडे एकाच माणसानं घेतले तर त्याचं आयुष्य किती मोकळं आणि किती जोमदार होतं, याचे पुरावे नगरपासून टोरांटोपर्यंत विखुरले आहेत. हॉकीचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार क्वार्टरचा असतो. आपणही तसंच खेळू. शिट्टी वाजली!

पहिला क्वार्टर: नगरची माती

डिसेंबरातलं आगमन. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ पासून सुरू होतं. डिसेंबर १८३१ मध्ये या मिशननं नगरला आपलं ठाणं उभारलं. निजामशाहीची जुनी राजधानी आणि इंग्रजांची छावणी असलेल्या या गावात बोस्टनहून निघालेली माणसं मराठी शिकायला बसली. पहिल्या काही महिन्यांतच त्यांच्यातले विल्यम हार्वे पटकीनं दगावले. तरी काम थांबलं नाही. जिल्ह्यात पुढे उभ्या राहिलेल्या शाळा, दवाखाने आणि उपासनामंदिरांची मुळं या काळात आहेत.

मिस फरार यांचा वर्ग. सिंथिया फरार ही अमेरिकेतून एकटीनं परदेशी मिशनकामाला निघालेल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक. ती १८२७ मध्ये मुंबईत आली आणि १८३९ मध्ये नगरला. मुलींच्या शाळा हे तिचं आयुष्यभराचं काम. जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन तिच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि ते भारावून गेले. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं तेही नगरला, मिस फरार यांच्याकडे. भारतीय स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातली एक महत्त्वाची पायरी अशी नगरच्या वर्गखोलीत आहे. मिस फरार १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.

नगरचं वृत्तपत्र. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक जून १८४२ मध्ये नगरला सुरू झालं. सुरुवातीचे संपादक हेन्री बॅलंटाइन. धर्मासोबत विज्ञान, भूगोल, खगोल आणि समाजसुधारणा अशा विषयांवर त्यात मजकूर येई. नंतर ते मुंबईला गेलं, पण जन्मदाखला नगरचाच. मराठीतल्या सर्वाधिक दीर्घायुषी नियतकालिकांमध्ये त्याची गणना होते.

मुंबईत जन्मलेले, नगरचे झालेले. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईत, एका मिशनरी घरात झाला. शिक्षण अमेरिकेत झालं आणि १८७४ पासून पुढची पन्नासेक वर्षं त्यांनी नगर जिल्ह्याला दिली. त्यांनी पाळक घडवणारी धर्मशिक्षणाची शाळा चालवली आणि दुष्काळात अन्न आणि काम पुरवण्यासाठी जिवाचं रान केलं. या दुष्काळी कामासाठी त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळालं. नगरचं ह्यूम मेमोरियल चर्च त्यांचं नाव सांगत उभं आहे.

रेल्वेच्या डब्यातली भविष्यवाणी. वर्ष १८९३. नागपूरहून राजनांदगावला निघालेले कवी नारायण वामन टिळक डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा मारत होते. उतरण्यापूर्वी त्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. टिळकांना त्या वेळी ते अशक्य वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांची मुदत पाळली गेली! मागितलेलं नसताना, ओळखही नसताना हाती आलेलं दान, यालाच ख्रिस्ती माणूस कृपा म्हणतो. पुढे टिळकांनी नगरला आपलं घर केलं.

पत्नीनं पुरा केलेला डाव. धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई टिळक काही वर्षं पतीपासून दूर राहिल्या. घर पुन्हा जुळलं आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी लिहिलेली 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झाली आणि मराठी आत्मचरित्रांत अव्वल ठरली. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी तडीस नेलं, आणि त्यांनी लिहिलेले अध्याय टिळकांच्या अध्यायांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

बालकवींचं नगर. निसर्गकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, हे टिळक दांपत्याच्या घरी नगरला मुलासारखे राहिले. घर ख्रिस्ती, पाहुणा हिंदू, दोघांचा समान धर्म कविता. अशा घरात वाढलेली मराठी कविता आज प्रत्येक शाळेच्या पाठ्यपुस्तकात आहे.

टाळ, मृदंग आणि येशू. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली, तो नेवासा तालुका नगर जिल्ह्यातच. त्या जिल्ह्यात ख्रिस्ती भक्ती परदेशी चालीत किती दिवस अडकून राहणार? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णाराव रत्नाजी सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी येशूची कथा कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये अभंग, साथीला टाळ-मृदंग. खेड्यापाड्यांतले लोक रात्र रात्र बसून ऐकत. टिळकांचे अभंग आणि भजनं आजही मराठी मंडळ्यांच्या उपासनेत गायली जातात. याच्याही आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं होतं. त्यातल्या ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात आहे.

धोटा धावला जोरात. डी. सी. चर्चिल हे अभियंते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरच्या मिशनमध्ये आले. दुष्काळानंतर अनाथ मुलांना पोटापाण्याचा धंदा शिकवायचा होता. चर्चिल यांनी जुन्या मागापेक्षा कितीतरी वेगानं चालणारा हातमाग तयार केला. विणकराच्या हातात जास्त कापड आणि पोटात जास्त घास पडावा, हा त्यामागचा हेतू. प्रार्थनेला असा यंत्राचा आधार देणारी माणसं नगरनं पाहिली.

स्वातंत्र्याच्या वर्षातलं कॉलेज. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज स्थापन केलं. नगरच्या मुलांना पदवीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागू नये म्हणून एका मराठी ख्रिस्ती माणसानं उभारलेलं हे कॉलेज सर्व जातिधर्मांच्या पिढ्यांना शिकवत आलं आहे. ते चालवणारी संस्था त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

हरेगावची वारी. श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे नकाशावर आलं आणि मतमाउलीच्या यात्रेमुळे लोकांच्या मनात राहिलं. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. त्या सुमारास इथे जिल्ह्याजिल्ह्यांतून भाविक लोटतात. कुणी पायी येतं, कुणी टेम्पोनं. आधी नोव्हेनाचे नऊ दिवस, मग मुख्य मिस्सा. यात्रेत ख्रिस्ती नसलेलेही नवस फेडायला येतात.

त्याच आठवड्यात मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवरही मतमाउलीची जत्रा भरते. तिकडेच आता चेंडू सरकवू, कारण वांद्रे म्हणजे हॉकीचं माहेर.

दुसरा क्वार्टर: प्रार्थना आणि पटांगण

एकाच राज्यातून आलेले तीन पाहुणे. नगरला मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डचं मुख्यालय मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बोस्टनमध्ये होतं. त्याच राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधला. ते धर्मशास्त्र शिकलेले कॅनडाचे गृहस्थ, आणि पहिल्या 'बास्केट' म्हणजे पीच फळांच्या टोपल्या. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, जवळच्याच होल्योक गावच्या वायएमसीएमध्ये विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल काढला. आज नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या शाळांत संध्याकाळी जे जाळं बांधलं जातं, त्याचं मूळ गाव आणि नगरच्या पहिल्या मिशनऱ्यांना पाठवणारं शहर एकाच राज्यात आहे.

ऑलिंपिकचा व्यवस्थापक. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. भारतातल्या पी.टी. शिक्षकांच्या पिढ्या तिथून निघाल्या. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकाची जबाबदारी याच बक यांच्याकडे होती.

जयपालसिंगांची उडी. रांचीच्या मिशन शाळेत शिकलेले मुंडा आदिवासी तरुण जयपालसिंग ऑक्सफर्डला पोचले. आयसीएसचं प्रशिक्षण सुरू असताना त्यांना १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी भारतीय हॉकी संघाचं कर्णधारपद मिळालं. रजा मिळाली नाही तरी ते गेले, आणि आयसीएस हातची गेली. त्या संघात निम्म्याहून अधिक खेळाडू अँग्लो-इंडियन होते. भारतानं २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. अंतिम सामन्याआधी जयपालसिंग संघाबाहेर गेले होते, एरिक पिनिगर यांनी धुरा सांभाळली आणि ध्यानचंद तापानं फणफणले असतानाही नेदरलँड्सवर ३-० असा विजय मिळाला. पुढे जयपालसिंग संविधानसभेत आदिवासींचा खणखणीत आवाज बनले.

बिनगोलाचा गोलरक्षक. त्या संघाचे गोलरक्षक रिचर्ड ॲलन. अख्ख्या स्पर्धेत त्यांच्यामागची जाळी एकदाही हलली नाही. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारतानं अमेरिकेला २४-१ असं हरवलं. तो एक गोल झाला तेव्हा ॲलन गोलामागे चाहत्यांना सह्या देत होते, असा किस्सा सांगतात!

खडकीचा पहिला बाबू. पुण्याजवळची खडकी हॉकीवेडी. तिथले बाबू निमल १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्या संघात होते. याच खडकीनं पुढे धनराज पिल्ले दिले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार एशियाड खेळलेला असा दुसरा हॉकीपटू नाही.

स्वतंत्र भारताचं पहिलं सोनं. १२ ऑगस्ट १९४८, लंडनचं वेम्बली. समोर ज्यांचं राज्य वर्षभरापूर्वी संपलं ते ब्रिटन. निकाल भारत ४, ब्रिटन ०. या संघाच्या यादीत लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ, रेजिनाल्ड रॉड्रिग्ज अशी नावं आहेत. मुंबई आणि गोव्याच्या घराघरांत रोझरी म्हणून झोपणाऱ्या मुलांनी स्वतंत्र देशाचा तिरंगा सर्वांत वर नेला, याचा अभिमान प्रत्येक मराठी माणसाला वाटायला हवा.

वांद्र्याची शाळा. जेझुइट फादरांचं सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूल १८६३ चं. हॉकीपटूंची रोपवाटिका म्हणून ते ओळखलं जातं. २००४ च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेले वीरेन रस्किन्हा याच शाळेचे. निवृत्तीनंतर त्यांनी ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट या संस्थेतून इतर खेळाडूंच्या पदकांसाठी काम केलं. मिळालेलं पुढे देण्याची ही सवय कृपेच्या शिकवणीशी नेमकी जुळते.

पुण्याची एलिझा. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये भारतीय महिलांनी हॉकीत सुवर्ण जिंकलं तेव्हा कर्णधार होत्या पुण्यात जन्मलेल्या एलिझा नेल्सन. त्यांना अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री दोन्ही मिळाले.

तिसरा क्वार्टर: बादफेरीची धडधड

साखळी फेरीत एक सामना हरला तर पुढचा असतो. बादफेरीत हरलात की सामान बांधायचं. म्हणून बादफेरीत छातीचे ठोके वेगळे असतात.

आठ सेकंदांचं आयुष्य. बरोबरी झाली तर शूटआउट. आक्रमक २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो, समोर एकटा गोलरक्षक, आणि हातात फक्त आठ सेकंद. दोन्ही बाजूंना पाच-पाच संधी. तरीही बरोबरी राहिली तर एकेका चुकीवर फैसला.

तावीज आणि पेनल्टी कॉर्नर. १९७५ चा विश्वचषक, क्वालालंपूर. उपांत्य सामन्यात यजमान मलेशिया २-१ नं पुढे आणि वेळ संपत आलेली. मायकल किंडो यांच्या जागी अस्लम शेरखान मैदानात उतरले. भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला. अस्लम यांनी गळ्यातला तावीज ओठांना लावला आणि फटका मारला. गोल! जादा वेळेत हरचरणसिंग यांनी विजयी गोल केला. १५ मार्चच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानवर २-१ असा विजय मिळाला. विजयी गोल अशोककुमारांचा, म्हणजे ध्यानचंदांच्या मुलाचा. किंडो हे आजच्या झारखंडमधल्या सिमडेगाच्या आदिवासी पट्ट्यातले. एकाच संघात इतक्या श्रद्धा, आणि सगळ्यांचा चेंडू एकच.

सुंदरगडची खाण. दिलीप तिर्की, अमित रोहिदास ही ओडिशातल्या सुंदरगडची माणसं. या जिल्ह्यातल्या मिशनच्या गावांत नाताळाच्या सुमारास हॉकीच्या स्पर्धा भरतात, आणि बक्षीस म्हणून बकरा किंवा कोंबडा देण्याची रीत आहे. किंडोंच्याच सिमडेगाचे सिल्व्हॅनस डुंगडुंग १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघात होते, आणि त्याच संघात मुंबईचे मर्व्हिन फर्नांडिसही होते. स्पेनविरुद्धचा अंतिम सामना ४-३ असा सुटला.

नावातच ग्रेस! टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचल्या. २ ऑगस्ट २०२१ रोजी उपांत्यपूर्व सामन्यात त्यांनी बलाढ्य ऑस्ट्रेलियाला १-० नं रोखलं. गोल गुरजित कौरचा, आणि मागे भिंतीसारखी उभी होती सुंदरगडची दीप ग्रेस एक्का. आई-वडिलांनी कृपेचं नाव दिलेल्या लेकीनं त्या दिवशी प्रतिस्पर्ध्यांना मात्र कसलीच सवलत दिली नाही.

लालरेमसियामीचं मन. जून २०१९, हिरोशिमा. ऑलिंपिकच्या वाटेवरची महत्त्वाची स्पर्धा आणि उपांत्य सामना तोंडावर. मिझोरामच्या लालरेमसियामीला वडील गेल्याची बातमी आली. एकोणीस वर्षांची पोर. ती थांबली आणि खेळली. भारतानं चिलीला आणि मग अंतिम सामन्यात जपानला हरवलं. ती घरी परतली तेव्हा सगळं गाव तिच्यासाठी उभं होतं. पुढे ती मिझोरामची पहिली महिला ऑलिंपिकपटू झाली.

सहा सेकंद, एकेचाळीस वर्षं. ५ ऑगस्ट २०२१, टोकियो. कांस्यपदकासाठी जर्मनीविरुद्ध भारत ५-४ नं पुढे. घड्याळात सहा सेकंद उरलेली असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. गोलरक्षक श्रीजेशनं तो अडवला आणि १९८० नंतरचं पहिलं ऑलिंपिक हॉकी पदक भारताच्या गळ्यात पडलं.

दहा जणांची लढाई. ४ ऑगस्ट २०२४, पॅरिस, उपांत्यपूर्व फेरी, पुन्हा समोर ब्रिटन. रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि दोन क्वार्टरहून अधिक वेळ भारत दहाच खेळाडूंनिशी खेळला. सामना १-१. शूटआउटमध्ये श्रीजेशच्या जोरावर भारत ४-२ नं जिंकला. चार दिवसांनी स्पेनला २-१ नं हरवून कांस्य मिळालं आणि श्रीजेशनं पदक गळ्यात घालूनच निवृत्ती घेतली.

चौथा क्वार्टर: बर्फावरची भक्ती

कॅनडात आणि अमेरिकेत हॉकी म्हणजे आइस हॉकी, आणि प्लेऑफ म्हणजे वसंतातला दोन महिन्यांचा उत्सव. एका फेरीत प्रतिस्पर्ध्याशी जास्तीत जास्त सात सामने, आधी चार जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या पार केल्या की स्टॅनली कप.

कपाचं भारतीय नातं. १८९२ मध्ये हा कप देणारे लॉर्ड स्टॅनली कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. त्यांचे थोरले बंधू एडवर्ड स्टॅनली हे १८५८ मध्ये कंपनी सरकार संपल्यावर ब्रिटनचे पहिले भारतमंत्री झाले. एका भावाच्या हाती हिंदुस्थानचा कारभार आला, दुसऱ्यानं जगाला प्लेऑफचं वेड दिलं.

कपातला बाप्तिस्मा. विजेत्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला कप एक दिवस आपल्या घरी नेता येतो. १९९६ मध्ये कोलोरॅडो ॲव्हलांचच्या सिल्व्हेन लेफेव्हर यांनी त्या दिवशी आपल्या लेकीचा बाप्तिस्मा चक्क स्टॅनली कपात करवून घेतला. घाम गाळून मिळवलेल्या कपात, न कमावता मिळणाऱ्या कृपेचं पाणी! या सबंध लेखाचं सार त्या एका कृतीत आहे.

ईस्टरच्या पहाटेचा गोल. १८ एप्रिल १९८७, शनिवारची रात्र. वॉशिंग्टन कॅपिटल्स आणि न्यूयॉर्क आयलँडर्स यांचा निर्णायक सातवा सामना. बरोबरी फुटेना. जादा वेळेची चौथी फेरी सुरू होईपर्यंत मध्यरात्र उलटून ईस्टरचा रविवार उजाडला होता. पॅट लाफॉन्टेन यांनी गोल केला आणि आयलँडर्स ३-२ नं जिंकले. गोलरक्षक केली ह्रूडी यांनी ७३ फटके अडवले होते. आजही हा सामना ईस्टरच्या नावानंच ओळखला जातो.

सर्वांत लांब रात्र. २४ मार्च १९३६ रोजी डेट्रॉइट रेड विंग्ज आणि माँट्रियल मरून्स यांच्यात सुरू झालेला प्लेऑफ सामना सहाव्या जादा फेरीत संपला. तोवर पहाटेचे अडीच होत आले होते. अख्ख्या सामन्यात गोल एकच, मड ब्रूनेटो यांचा.

कप जिंकून पाळक. लेस कॉस्टेलो यांनी १९४८ मध्ये टोरांटो मेपल लीफ्सकडून स्टॅनली कप जिंकला आणि मग व्यावसायिक हॉकी सोडून कॅथलिक धर्मगुरू झाले. १९६३ मध्ये त्यांनी साथीदारांसह धर्मगुरूंचाच संघ काढला. नाव 'फ्लाइंग फादर्स'. हे फादर गावोगाव सामने खेळत, लोकांना पोट धरून हसवत आणि जमलेला पैसा गरजूंना देत.

दुसरे फादर. फादर डेव्हिड बाउअर यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय हॉकी संघाची घडी बसवली आणि १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकला तो संघ उतरवला. पैशासाठी खेळणाऱ्यांच्या देशात त्यांनी शिकणाऱ्या मुलांचा संघ उभा केला. ते हॉकीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये आहेत.

दाढी आणि अष्टपाद. प्लेऑफ संपेपर्यंत दाढी न करण्याची रीत १९८० च्या दशकात आयलँडर्सच्या संघानं रूढ केली. आपल्याकडे नवस बोलल्यावर दाढी राखणाऱ्यांना ती लगेच कळेल! डेट्रॉइटमध्ये १९५२ मध्ये दोन भावांनी बर्फावर ऑक्टोपस फेकला, कारण तेव्हा कपासाठी आठ विजय लागत आणि ऑक्टोपसचे पाय आठ.

आपलाही बर्फ. २०२५ मध्ये भारतीय महिलांनी आइस हॉकीच्या आशिया कपात कांस्यपदक मिळवलं. संघात बहुतेक लेकी लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर खेळून वाढलेल्या.

शूटआउट: पाच फटके, प्रत्येकी आठ सेकंद

एक. संत पौलानं करिंथकरांना लिहिताना शर्यतीचा आणि बक्षिसाचा दाखला दिला. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, त्यामुळे वाचकांना तो क्षणात कळला असणार.

दोन. येशूच्या दाखल्यात द्राक्षमळ्याचा मालक शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. दुष्काळी कामांवर रांगा लावलेल्या नगरच्या माणसाला या दाखल्याची किंमत वेगळी समजवावी लागली नसेल.

तीन. लेस्ली क्लॉडियस यांना फुटबॉलपटू व्हायचं होतं. सरावात एक खेळाडू कमी पडला म्हणून हातात हॉकी आली. पुढे ऑलिंपिकची तीन सुवर्ण आणि एक रौप्य!

चार. मुंबईची आगाखान हॉकी स्पर्धा १८९६ ची आणि कोलकात्याचा बेटन कप १८९५ चा. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि या दोन स्पर्धा, सगळे एकाच दशकाचे.

पाच. हरेगाव ज्या श्रीरामपूर तालुक्यात आहे, त्या श्रीरामपूरनं क्रिकेटला जहीर खान दिला. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दनं अजिंक्य रहाणे दिला. नगरची माती खेळाडू घडवते, हे नव्यानं सिद्ध करायला नको.

अंतिम शिट्टी

धावफलक संघाचा निकाल सांगतो, माणसाची किंमत सांगत नाही. ज्याला आपण आधीच स्वीकारलेले आहोत ही खात्री आहे, तो हरण्याच्या भीतीनं गोठत नाही, आणि म्हणून शेवटच्या आठ सेकंदांत मोकळेपणानं खेळू शकतो. कृपेनं घाम वाचत नाही. घाम गाळायचं बळ मात्र तिच्यातून येतं. नगरच्या मिशनची माणसं दुष्काळात राबली, लक्ष्मीबाईंनी अपुरं महाकाव्य पुरं केलं, लालरेमसियामी दुःख गिळून मैदानात उतरली. या सगळ्यांनी हेच दाखवलं.

म्हणून वाचकहो, एवढं करा. सप्टेंबरात एकदा हरेगावला जा. एखाद्या संध्याकाळी ख्रिस्ती कीर्तन बसून ऐका, धर्म कुठलाही असो. भारताचा पुढचा बादफेरीचा सामना घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहा. आणि जिल्ह्यातल्या शाळांच्या, मंडळ्यांच्या विश्वस्तांना कळकळीची विनंती: पटांगणात क्रिकेटच्या जोडीला हॉकीच्या बारा-पंधरा स्टिक आणि दोन गोलपोस्ट ठेवा. शब्बाथशाळा सुटल्यावर मुलामुलींना खेळू द्या. भारताचा पुढचा गोलरक्षक नगरचा असायला काहीच हरकत नाही.